लुडविक फ्लेक यांनी एसएसला निकामी लस दिली होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात तुम्हाला लुडविक फ्लेक या पोलिश ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञावर बोलायचं आहे. वाचनात तीन गोष्टी आल्या: त्यांनी घेट्टोत (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) रुग्णांच्या लघवीपासून टायफसची लस बनवली, त्या लसीमुळे नाझींनी त्यांना जिवंत ठेवलं, आणि पुढे बुखेनवाल्डच्या छावणीत ६०० लिटर निकामी लस एसएसच्या (छावण्या चालवणाऱ्या नाझी सशस्त्र दलाच्या) सैनिकांसाठी गेली तर खरी लस कैद्यांना मिळाली. यातलं खरं किती आणि दंतकथा किती, हे प्रयोगशाळेच्या नियमांत बसतं का, आणि हे करणारे पकडले कसे गेले नाहीत, असं तुम्ही विचारता.

तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखादी लस चालते की नाही, हे कोणाला, कधी आणि कशावरून कळतं? लसींच्या चाचण्या करणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो आणि त्याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा फार उशिरा मिळतं. फ्लेक वाचले ते या उशिरामुळे, आणि घातपात साधला तोही त्याच उशिरामुळे. काही तपशील मात्र फक्त कैद्यांच्या युद्धानंतरच्या जबान्यांवर उभे आहेत, काही युद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत तपासले गेले आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

आधी रोगाबद्दल. टायफस आणि टायफॉइड एक नव्हेत. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. साथीचा टायफस अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवांमधून पसरतो आणि त्याचा जंतू आहे रिकेट्सिया प्रोवाझेकी. ऊ चावते तेव्हा जंतू चाव्यातून जात नाही. तो तिच्या विष्ठेत असतो, माणूस खाजवतो आणि ती विष्ठा त्वचेत घुसते. एक-दोन आठवड्यांनी ४० अंशांच्या घरात ताप, पाचव्या दिवसाच्या सुमारास अंगावर पुरळ, मग भ्रम आणि बरळणं. त्या काळी या जंतूवर प्रतिजैविक नव्हतं. उपचारांविना दर शंभरात दहा ते चाळीस माणसं दगावत, वय जास्त असेल तर अधिक. गर्दी, थंडी, उपासमार आणि कपडे उकळायला इंधन नाही, अशी स्थिती असली की साथ हमखास येते. नाझींनी घेट्टोंमध्ये नेमकी हीच स्थिती निर्माण केली आणि नंतर ज्यू रोग पसरवतात अशी भित्तिपत्रकं लावली. (विदर्भात २०१८ मध्ये जो स्क्रब टायफस गाजला तो याचा दूरचा नातलग. जंतू वेगळा, आणि तो उवांमधून नव्हे तर झुडपांतल्या सूक्ष्म किड्यांच्या अळ्यांमधून येतो. पण त्याच्या निदानासाठी जी वाइल-फेलिक्स चाचणी वापरतात ती १९१६ साली टायफससाठीच निघाली, आणि ती शोधणारे दोघेही ज्यू होते. त्यांतले एडमुंड वाइल १९२२ मध्ये ल्वूवच्या प्रयोगशाळेत टायफसची लागण होऊन वारले.)

ल्वूव म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडचं शहर. फ्लेक तिथेच १८९६ मध्ये जन्मले. १९२० नंतर ते रुडॉल्फ वाइगल यांचे सहायक होते. टायफसची पहिली उपयोगी लस वाइगल यांनीच बनवली. तिची कृती समजून घेतल्याशिवाय फ्लेक यांनी लघवीचा मार्ग का धरला ते कळणार नाही, म्हणून ती जरा तपशिलात सांगतो.

रिकेट्सिया जिवंत पेशीबाहेर वाढत नाही. साध्या जंतूंसारखा त्याला बशीतल्या आगरवर वाढवता येत नाही. वाइगल यांनी उवेचं आतडंच वाढीचं भांडं केलं. निरोगी उवा छोट्या चपट्या पेट्यांत ठेवायच्या, पेटीच्या एका बाजूला जाळी. ती बाजू माणसाच्या पोटरीला किंवा मांडीला बांधायची, म्हणजे उवा जाळीतून रक्त पितात. वाढलेली ऊ चिमट्याच्या यंत्रात अडकवून, केसासारख्या बारीक काचनळीने तिच्या गुदद्वारातून जंतूंचं मिश्रण आत सोडायचं. मग आणखी सुमारे पाच दिवस तिला रक्त पाजायचं, पण आता पाजणारा माणूस आधी लस घेतलेला हवा. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली तिचं आतडं काढायचं, आतडी खलात घोटायची आणि अर्धा टक्का फिनॉलने जंतू मारायचे. एका माणसाच्या संपूर्ण लसीकरणाला सुमारे शंभर उवांची आतडी लागत. कारखाना चालवायला शेकडो माणसांनी रोज रक्त द्यावं लागे. जर्मन ताब्याच्या काळात या संस्थेतल्या कामाचं ओळखपत्र असलं की रस्त्यावरच्या धरपकडीतून सुटका होई, म्हणून ल्वूवचे अनेक पोलिश प्राध्यापक उवांना रक्त पाजत बसले. गणिती स्टेफान बानाख त्यांतलेच. वाइगल यांनी लस गुपचूप घेट्टोंमध्येही पोचवली.

३० जून १९४१ रोजी जर्मन सैन्य ल्वूवमध्ये शिरलं. ४ जुलैच्या पहाटे शहरातल्या वीसहून अधिक पोलिश प्राध्यापकांना टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. म्हणजे विद्वत्ता हे त्या शहरात कोणालाच कवच नव्हतं. ज्यूंना तर मुळीच नाही. त्याआधीच्या सोव्हिएत ताब्याच्या काळात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले फ्लेक आता घेट्टोतल्या ज्यू रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळू लागले. त्यांच्याकडे वाइगलसारखा उवांचा कारखाना नव्हता, जंतू वाढवायला अंडी नव्हती, प्राणी जवळजवळ नव्हते. फक्त रुग्ण होते, रोज नवे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लघवीपासून लस हे ऐकायला भोंदूगिरी वाटतं, पण तर्क पक्का आहे. टायफसचा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो. वाढताना आणि मरताना त्याच्या आवरणाचे विद्राव्य तुकडे रक्तात सुटतात. त्यातले लहान तुकडे मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतात. ज्या तुकड्यांना शरीर परकं म्हणून ओळखतं, त्यांना आपण प्रतिजन म्हणतो. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात लेजिओनेला किंवा न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाचं निदान लघवीतल्या प्रतिजनावरून पंधरा मिनिटांत करतात. तत्त्व तेच. फ्लेक यांनी युद्धापूर्वीच टायफससाठी त्वचेची एक चाचणी तयार केली होती, म्हणजे जंतूच्या विद्राव्य अंशांचा विचार त्यांच्या डोक्यात जुनाच होता. घेट्टोत त्यांना दिसलं की रुग्णाच्या लघवीत हा प्रतिजन लवकर सापडतो, वाइल-फेलिक्स चाचणी सकारात्मक येण्याच्याही आधी. वाइल-फेलिक्स रुग्णाच्या शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते, आणि ती बनायला आठवडाभर जातो. प्रतिजन मात्र जंतूबरोबरच येतो. निदान आठवडाभर अलीकडे आलं की रुग्ण वेगळा काढता येतो, त्याचे कपडे उकळता येतात, घरातल्या बाकीच्यांना वाचवता येतं. मला स्वतःला त्यांच्या कामाचा हा भाग सर्वांत भक्कम वाटतो.

लसीकडे यायला पुढचं पाऊल टाकावं लागतं. लघवी गोळा करायची, गाळायची, आटवून दाट करायची, क्षार आणि नको असलेला भाग कमी करायचा, प्रतिजन उरला आहे का ते ज्ञात सीरमशी जुळवून पाहायचं, निर्जंतुक करायचं, आणि टोचायचं. कच्चा माल फुकट आणि अमर्याद, उपकरणं साध्या प्रयोगशाळेतली. त्या घेट्टोत शक्य असलेला हा कदाचित एकमेव मार्ग होता. फ्लेक यांनी लस आधी स्वतःला आणि घरच्यांना टोचली, मग इतरांना, पुढे शहरातल्या यानोव्स्का छावणीतल्या कैद्यांनाही. स्वतःवर आधी टोचून घेण्याची रीत आपल्याकडच्या वाचकांना परिचित आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. तेही ओडेसाचे ज्यू.

ही लस किती चालत होती? इथे सावध राहायला हवं. विद्राव्य प्रतिजन एकटा टोचला तर प्रतिद्रव्यं तयार होतात, पण पेशीत राहणाऱ्या जंतूविरुद्ध लागणारी पेशींची प्रतिकारशक्ती त्यातून कमीच उभी राहते. शिवाय लस न टोचलेल्यांचा तुलनेचा गट घेट्टोत ठेवणं शक्य नव्हतं, आणि टोचलेली बहुतेक माणसं टायफसने नव्हे, गोळ्यांनी आणि गॅसने मारली गेली. पुढे ऑशविट्झमध्ये फ्लेक यांना टायफस झाला आणि तो सौम्य गेला. त्यांनी त्याचं श्रेय लसीला दिलं. असू शकेल, पण एका माणसाच्या अनुभवावरून लसीची परिणामकारकता ठरत नाही. तुमच्या भाषणात ‘लघवीपासून टायफसची लस तयार करून स्वतःवर आणि इतरांवर वापरली’ एवढं निर्धास्त म्हणा. ‘साथ थांबवली’ असं म्हणू नका.

दुसरा प्रश्न, नाझींनी त्यांना लसीमुळे जिवंत ठेवलं का. हो, पण वाक्याचा रोख बदलायला हवा. १९४१ मध्ये ल्वूवमध्ये दीड लाखाच्या आसपास ज्यू होते. ऑगस्ट १९४२ मधल्या एकाच मोहिमेत, दोन आठवड्यांत, चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसं बेल्झेत्सच्या मृत्युछावणीत पाठवली गेली. त्याच दिवसांत ल्वूवच्या गणित परंपरेतले हेर्मान आउएरबाख यांनी विष घेतलं. यूलियुश शाउडर, ज्यांचं स्थिरबिंदू प्रमेय आजही एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात आहे, ते १९४३ मध्ये मारले गेले. फ्लेक यांच्या दोन्ही बहिणी गेल्या. शाउडरांचं प्रमेय फ्लेक यांच्या लसीपेक्षा कमी मोलाचं होतं म्हणून ते गेले, असं नाही. जर्मन सैन्याला पूर्व आघाडीवर टायफसची भीती होती, आणि टायफसचं काम करणारा माणूस काही महिने जास्त उपयोगी होता. गुणवत्तेने कोणी वाचलं नाही. ज्या कामाची मारेकऱ्यांना गरज होती, त्या कामात हात असलेला एखादा, तोही योगायोगाने, वाचला.

१९४२ मध्ये जर्मनांनी फ्लेक यांना शहरातल्या लाओकोऑन या औषधांच्या कारखान्यात लस बनवायला बसवलं. त्यांचं कुटुंब आणि सहकारीही तिथेच. १९४३ च्या सुरुवातीला सगळ्यांना ऑशविट्झला नेलं. तिथे आधी ब्लॉक १० मधली प्रयोगशाळा, मग रायस्कोची एसएसची आरोग्य संस्था. तिथून १९४४ च्या जानेवारीच्या सुमारास त्यांना एकट्याला बुखेनवाल्डच्या ब्लॉक ५० मध्ये हलवलं. पत्नी एर्नेस्टिना आणि मुलगा रिशार्ड मागे राहिले. तिघेही जिवंत सुटले, हे त्या काळात दुर्मीळ.

आता तुमचा तिसरा आणि मोठा प्रश्न, बुखेनवाल्ड. इथे दोन इमारती वेगळ्या ओळखा. ब्लॉक ४६ मध्ये जानेवारी १९४२ पासून कैद्यांना मुद्दाम टायफस देऊन लसींची तुलना केली जात होती. काहींना एका कंपनीची लस, काहींना दुसरीची, काहींना काहीच नाही, मग सगळ्यांना जिवंत जंतू. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्यात समोर आलेल्या नोंदींनुसार ७२९ जणांवर प्रयोग झाले आणि किमान १५४ मेले. याशिवाय जंतूंचा वाण जिवंत राहावा एवढ्यासाठी दर महिन्याला काही कैद्यांना फक्त लागण केली जाई, त्यांचं रक्त पुढच्याला टोचलं जाई, आणि त्यातले बहुतेक मरत. हे काम गिनीपिगवर होऊ शकतं आणि जगभर होत होतं. ब्लॉक ४६ मध्ये ते माणसांवर केलं गेलं. ब्लॉक ५० ऑगस्ट १९४३ मध्ये सुरू झाला. तिथे लस बनायची. दोन्हींचा प्रमुख एकच, एर्विन डिंग-शूलर. तो डॉक्टर होता, महत्त्वाकांक्षी होता, पण रिकेट्सिया त्याचा विषय नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

ब्लॉक ५० मध्ये काम करणारे बहुतेक सगळे कैदी. उत्पादनाची जबाबदारी पोलिश डॉक्टर मारियान चेपिएलोव्स्की यांच्याकडे. कारकून ऑयगेन कोगोन, ऑस्ट्रियातून आलेले राजकीय कैदी. पुढे १९४४ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले आल्फ्रेड बालाशोव्स्की आले. लस सशाच्या फुप्फुसाच्या पद्धतीने करायची होती, जी पाश्चर संस्थेत विकसित झाली होती. लागण झालेल्या गिनीपिगच्या ऊतीतून जंतू उंदराच्या नाकात टाकायचा, तो फुप्फुसात वाढला की उंदरातून सशाच्या श्वासमार्गात. सशाचं फुप्फुस काढून घोटायचं, फॉर्मालिन मिसळलेल्या क्षारजलात कालवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून ऊतींचा गाळ खाली बसवायचा, वरचा गढूळ द्रव म्हणजे जंतू असलेला भाग. तो तपासायचा, मापात आणायचा, कुपीत भरायचा.

बिघाड कुठे होतो ते पाहा. जंतू पेशीबाहेर काही तासांत निष्प्रभ होतो, म्हणून एका प्राण्यातून दुसऱ्यात नेताना उशीर झाला तर साखळीच तुटते. सशाच्या फुप्फुसात दुसरेच जीवाणू न्यूमोनिया करतात, फुप्फुस लालबुंद होतं आणि माणसाला वाटतं की लागण लागली. फॉर्मालिन जास्त झालं तर प्रतिजन खराब होतो. आणि सर्वांत मोठा धोका सूक्ष्मदर्शकाखाली. रिकेट्सिया फार लहान, जाडी साधारण ०.३ ते ०.५ मायक्रोमीटर, लांबी एक-दोन मायक्रोमीटर, आकार एकसारखा नाही, गिम्झा रंगाने जांभळट. सशाच्या काही पांढऱ्या पेशींत लालसर कण असतात. पेशी फुटली की ते कण स्लाइडभर विखुरतात. नवशिक्याला ते हुबेहूब जंतू वाटतात.

ब्लॉक ५० मध्ये नेमकं हेच झालं. त्या गटात रिकेट्सियाचा तज्ज्ञ एकही नव्हता. पुस्तकं समोर ठेवून, एकमेकांना दाखवत आणि पटवत ते पुढे गेले, आणि नसलेले जंतू त्यांना दिसू लागले. नुसते दिसले नाहीत, पुस्तकातल्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या दिसल्या. त्यावरून लस बनत गेली. फ्लेक आले, स्लाइड पाहिली आणि ओळखलं की यात रिकेट्सिया नाहीच. योगायोग पाहा. फ्लेक यांनी १९३५ मध्ये बाझेलमधून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. वैज्ञानिक तथ्य एकट्या डोळ्याला दिसत नाही, गटाच्या विचाराच्या सवयीतून दिसतं, आणि ती सवय चूकही पक्की करते. तेव्हा उदाहरण सिफिलिसच्या वासरमान चाचणीचं होतं. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखात उदाहरण ब्लॉक ५० चं आहे.

तज्ज्ञाला ही चूक दिसल्यावर काय करायचं? त्यांनी जे केलं त्याला मी धाडस म्हणतो. मोजक्या विश्वासू माणसांना सांगितलं आणि उत्पादन तसंच चालू राहू दिलं. पुढे खरे जंतू हाताला लागले तेव्हा दोन प्रकारची लस बनू लागली. मोठ्या प्रमाणावर निकामी लस, जी एसएसकडे जायची. थोडी चांगली लस, जी छावणीत लागण होण्याच्या धोक्यात असलेल्या कैद्यांना गुपचूप दिली जायची. तपासणीसाठी नमुना मागितला की चांगला दिला जायचा. १९४४ मध्ये ब्लॉक ५० ची लस ब्लॉक ४६ मधल्या माणसांवर तपासली गेली, म्हणून हा मुद्दा नुसता चलाखीचा नव्हता. निकामी लस तिथे गेली असती तर कैदीच मेले असते.

आतापर्यंतचं जुळवून घ्या. पहिला टप्पा, अज्ञानातून झालेली निकामी लस. दुसरा टप्पा, फ्लेक आल्यानंतर जाणूनबुजून चालू ठेवलेली निकामी लस. बहुतेक लेखांत हे दोन्ही एकत्र करून ‘फ्लेक यांनी घातपात केला’ असं एका ओळीत सांगतात. तो घातपात एका माणसाचा नव्हता. चेपिएलोव्स्की, कोगोन, बालाशोव्स्की आणि इतर कैद्यांच्या गप्प राहण्याशिवाय तो एक दिवसही टिकला नसता.

पकडले कसे गेले नाहीत, हे तुम्ही विशेष विचारलं आहे आणि चाचणीच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. मेलेल्या जंतूंच्या लसीची तपासणी तीन गोष्टींची असते. निर्जंतुक आहे का, हे एक-दोन आठवड्यांत कळतं. टोचल्यावर प्राण्याला इजा होते का, हेही लवकर कळतं. या दोन्ही चाचण्या निकामी लस सहज उत्तीर्ण होते, किंबहुना चांगल्या लसीपेक्षा सहज, कारण त्यात काहीच नसतं. तिसरी म्हणजे सामर्थ्य. त्यासाठी गिनीपिगना लस टोचायची, काही आठवडे थांबायचं, मग जिवंत जंतू टोचायचे, आणि लस न टोचलेल्या गटाशी तुलना करत रोज ताप मोजायचा. टायफसने गिनीपिग सहसा मरतच नाही, फक्त सहा ते दहा दिवसांनी त्याला ताप येतो. तेव्हा निकाल यायला दीड-दोन महिने, आणि निकाल म्हणजे तापाचा आलेख, जो वाचायला सवय लागते. ही चाचणी कोण करत होतं? तेच कैदी. वरचे अधिकारी संसर्गाच्या भीतीने ब्लॉकमध्ये शक्यतो येतच नसत, आणि त्या भीतीला कैदी खतपाणी घालत.

राहिली आघाडी. तिथे तर काहीच कळत नव्हतं. त्या काळची सर्वोत्तम टायफस लसही रोग पूर्ण रोखत नसे, मुख्यतः मृत्यू कमी करत असे. लस घेतलेला सैनिक आजारी पडला तरी कोणाला आश्चर्य वाटत नव्हतं. कोणत्या कुपीची लस कोणाला गेली याचा माग युद्धाच्या धामधुमीत लागत नव्हता, आणि उवा मारण्याची मोहीमही सोबत चालू होती, तेव्हा रोग कमी झाला तर श्रेय कोणाचं तेही ठरत नव्हतं. लस हे असं औषध आहे की ते बिघडलं तर घेणाऱ्याला त्या दिवशी काहीही वाटत नाही. घातपात लपवायला याहून सोयीचा माल नाही.

आता ६०० लिटर. युद्धानंतरच्या जबान्यांमधून आलेला आकडा असा: सुमारे ६०० लिटर निकामी लस सुमारे ३०,००० एसएस सैनिकांसाठी, आणि सुमारे ६ लिटर चांगली लस कैद्यांसाठी. गणित जुळतं का? ६०० लिटर भागिले ३०,००० म्हणजे माणशी २० मिलिलिटर. लसीच्या एका मात्रेला १ मिलिलिटर आणि तीन मात्रा धरल्या तरी हे फार होतं. उत्पादनातली नासाडी, नमुने आणि साठा धरला तरी उरतंच. म्हणून दोन्ही संख्यांना ढोबळ समजा, एकीला दुसरीने भागू नका. आकडे मुख्यतः कैद्यांच्या आठवणीतून आले आहेत, आणि छावणीत लिखित हिशेब ठेवणं म्हणजे मरण होतं. पण घातपात झाला हे मला शंकास्पद वाटत नाही, कारण वेगवेगळ्या देशांतल्या, युद्धानंतर वेगवेगळ्या ठिकाणी गेलेल्या माणसांनी तोच सांगाडा सांगितला, आणि त्या सांगाड्यात प्रयोगशाळेला अशक्य असं काही नाही. काही अभ्यासकांनी २००० नंतर फ्लेक यांच्या भूमिकेवर शंका घेतल्या, की छावणीतल्या संशोधनात त्यांचाही सहभाग होता आणि नंतर त्यांनी तो लपवला. त्यांना इतिहासकारांच्या मोठ्या गटाने सविस्तर उत्तर दिलं. माझं मत सांगतो. कैदी म्हणून प्रयोगशाळेत बसवलेला माणूस आणि प्रयोगांचा हुकूम देणारा माणूस यांना एकाच मापाने मोजायचं असेल तर आधी नकाराचा अर्थ काय होता ते लिहावं लागेल. नकाराचा अर्थ मृत्यू होता, आणि फ्लेक यांच्या बाबतीत मागे राहिलेल्या पत्नीचा आणि मुलाचाही.

बुखेनवाल्ड ११ एप्रिल १९४५ रोजी सुटलं. डिंग-शूलरने त्याच वर्षी कैदेत आत्महत्या केली. फ्लेक आधी लुब्लिनला, मग वॉर्सोला प्राध्यापक झाले, १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला आयजी फार्बेन कंपनीच्या खटल्यात साक्षीला गेले, १९५७ मध्ये इस्रायलला गेले आणि १९६१ मध्ये नेस झिओना इथे वारले. पांढऱ्या पेशी दाह असताना गुच्छ करतात या त्यांच्या शोधावर त्यांनी युद्धानंतर बरंच लिहिलं, तो वेगळा विषय आहे.

भाषणासाठी म्हणून एवढं करा. वीस मिनिटं असतील तर निम्मी वाइगलच्या उवा आणि ब्लॉक ५० च्या स्लाइडवर द्या, कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रत्यक्ष काही शिकता येतं. शक्य असेल तर तुमच्या विभागातून सशाच्या किंवा कोंबडीच्या रक्ताची गिम्झाने रंगवलेली स्लाइड मागून घ्या. कोंबडीच्या पांढऱ्या पेशींतही सशासारखेच लालसर कण असतात. प्रेक्षकांना आधी सांगा की यात जंतू शोधायचे आहेत, आणि किती जणांना सापडतात ते मोजा. आकडा सांगताना ‘कैद्यांच्या साक्षीनुसार सुमारे ६०० लिटर’ असं म्हणा. आणि फ्लेक यांच्या नावाबरोबर शाउडर आणि आउएरबाख ही दोन नावं एकदा तरी उच्चारा.